सव्वाचारला लाइन एंगेज

त्या गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली ती घरचं इंटरनेट दुरुस्त करायला. अर्जावर मात्र 'डोकेदुखी' असं लिहिलं होतं, आणि तेही अगदीच खोटं नव्हतं.

तेव्हा इंटरनेट आजच्यासारखं हवेतून घरात येत नसे. फोनची तार मॉडेम नावाच्या डबीला जोडायची, कॉम्प्युटरनं त्या डबीतून फोन लावायचा, पलीकडच्या कंपनीच्या मॉडेमनं तो उचलायचा, मग दोघांनी कुईं-खर्र करून एकमेकांची ओळख पटवायची. पटली तर इंटरनेट, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. तेवढा वेळ घरचा फोन बाहेरच्यांना एंगेज. मी एका छापखान्यात अकरा कॉम्प्युटर सांभाळत होते, त्यामुळे ही कुईं-खर्र मला पाठ होती. गाडी कुठे अडली आहे ते मी शेजारच्या खोलीतून नुसतं ऐकून सांगायचे.

आमच्या घरचं इंटरनेट मात्र कधी लागतच नाही, असं मास्तरांचं म्हणणं. मास्तर म्हणजे माझा नवरा. गणित शिकवतात, शाळा सकाळची, एक वाजता घरी. "नुसतं केकाटतं आणि गप्प बसतं," म्हणायचे. ठीक आहे. पण मग मी छापखान्यातून फोन केला की सव्वाचार ते पाच आमची लाइन एंगेज कशी? न लागणारं इंटरनेट पाऊण तास एंगेज राहतं होय? एखादा दिवस मी समजू शकते. मी सलग तीन आठवडे रोज लावून पाहिला. संशयी म्हणा हवं तर. मनात पाल चुकचुकली की मला अन्न गोड लागत नाही.

एक सांगायचं राहिलं. मी दुसरी. पहिली चार वर्षांपूर्वी आजारानं गेली. मी तिला मनातल्या मनात थोरली म्हणायचे, तिचं नाव घ्यायला माझी जीभ वळत नसे. मागच्या खोलीतला कॉम्प्युटर तिचा. तिनंच सुटे भाग आणून जोडलेला, त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स तिनंच घातलेलं. चित्रं नाहीत, रंग नाहीत, काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. गावाहून आल्या की सासूबाई म्हणायच्या, ती त्या खोलीत बसली की घर कसं भरल्यासारखं वाटायचं. शेजारीण म्हणायची, काय हुशार होती हो! मी अकरा मशीन सांभाळते त्याचं कुणाला काही नाही. जिवंत सवतीशी निदान भांडता येतं, तिच्या आमटीला नावं ठेवता येतात. मेलेलीला काय करणार? तिचा एकही दोष शिल्लक उरलेला नसतो.

ती मास्तरांना 'अरे' म्हणायची. मी 'अहो' म्हणते. "तूही म्हण ना अरे," मास्तर एकदा म्हणाले होते. मी नाही म्हटलं. उष्टं शेवटी उष्टंच.

तर आधी मी रीतसर तक्रार नोंदवली. लाइनमन येऊन गेला आणि त्यानं मला छापखान्यात फोन केला.

"ताई, लाइन एकदम स्वच्छ आहे. खांबावर चढून बघितलं."

"मग कोण बोलत असतं चार वाजता?"

"बोलत कोणी नाही..." तो जरा घुटमळला. "मी कानाला लावलं होतं. दोन्हीकडे शांत. पण लाइन मेलेली असली की वेगळी शांतता असते. ही तशी नव्हती. कोणीतरी श्वास घेऊन थांबलंय, असं वाटलं. जाऊ द्या ताई, वारा असेल."

म्हणून ती रजा. गुरुवारी शाळेत पेपर तपासणी होती, मास्तर सहापर्यंत यायचे नव्हते. मला घर रिकामं हवं होतं. नवऱ्याचे खिसे तपासणाऱ्या बायका असतात, मी त्याच्या मशीनचा लॉग तपासणार होते. लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी. कधी काय केलं ते मशीन आपणहून लिहून ठेवतं, आणि त्याला खोटं बोलता येत नाही.

साडेतीनला मी मागच्या खोलीत गेले. पडदे ओढलेले, बाहेर लख्ख ऊन. कॉम्प्युटरवर थोरलीनं शिवलेलं निळं आवरण. खुर्ची तिच्या उंचीची, माझे पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि मास्तरांनी ती कधी खाली केली नाही. मी आवरण काढून बटण दाबलं. तापलेल्या धुळीचा वास आला, तो कुठल्याही जुन्या मशीनला येतो. त्यामागून एक दुसरा वास आला, टाल्कम पावडरचा. मी पावडर लावत नाही.

लॉग उघडला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लागत होतं! रोज लागत होतं! चार वाजून पंधरा मिनिटांनी फोन लावला, पलीकडून उचलला, नाव पाठवलं, आत घेतलं. पाच वाजता बंद. खाली दुसरा दिवस, तेच. नाव अर्थात थोरलीचं. तिच्याच नावानं आत जाऊन हा माणूस रोज पाऊण तास कुणाशी तरी बोलत होता, आणि मला सांगत होता, केकाटतं आणि गप्प बसतं.

मग मी लावलेला नंबर वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

तो आमच्याच घरचा नंबर होता.

ही चूक नवीन नाही. छापखान्यातही एकानं कंपनीच्या नंबराच्या जागी आपलाच नंबर घातला होता. पण त्यातून काय होतं? आपण आपल्यालाच फोन लावला की एंगेजचा टूं-टूं ऐकू येतो, बस. मी बाहेरच्या खोलीत जाऊन रिसीव्हर उचलला आणि आमचा नंबर फिरवला. टूं-टूं-टूं. बरोबर. मग लॉगमध्ये रोज 'कनेक्ट' कसं? उचलणारं कोण?

परत येऊन मी आणखी मागे गेले. गेल्या रविवारी आम्ही दोघं घराला कुलूप लावून माझ्या मावशीकडे गेलो होतो. मशीनचं बटण मी स्वतः बंद केलं होतं. बंद मशीन रोजनिशी लिहीत नाही. पण रविवारची नोंद होती. चार वाजून पंधरा.

मला तिथेच भीती वाटायला हवी होती. वाटली ती चीड. घरात नवी बाई आली, भांडी बदलली, चादरी बदलल्या, तरी हिचं इथे आपलं चालूच!

फोन लावायची पद्धत एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेली असते. पलीकडून हे आलं की ते पाठव, ते आलं की हे पाठव. दोन अनोळखी माणसांनी पाठ केलेल्या संवादासारखं. मधेमधे, ओळीच्या सुरुवातीला एक खूण करून, टिपा लिहिता येतात. त्या मशीन वाचत नाही, माणसानं वाचायच्या असतात. मी ती फाइल उघडली. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली, आणि लिहिणारी थोरली.

'इथे घाई नको. पलीकडून आवाज येईपर्यंत थांब.'

'दोनदा नाही लागलं तर पाणी पिऊन ये.'

'तरी नाही लागलं तर चिडू नकोस. मला हाक मार.'

लोक प्रेमपत्रं कागदावर लिहितात, वहीत लपवतात. ही बया कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये लिहून गेली होती. मास्तरांनी मला आजवर एक चिठ्ठी लिहिली आहे, तीही दूधवाल्यासाठी. माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचा राग आला.

आमच्या धंद्यात एक शिस्त असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लावून बघायचं. दोन बदलल्या तर कशानं काय झालं ते कळत नाही. अडचण नंबरात होती, हे शेंबडं पोरही सांगेल. आधी नंबर बदलायचा. मी मात्र आधी नाव बदललं. थोरलीचं नाव एकेक अक्षर मागे जात पुसलं आणि तिथे माझं लिहिलं. पासवर्ड तिचा तसाच राहू दिला. नंबर आमच्याच घरचा. आणि शिस्तीप्रमाणे, एक गोष्ट बदलून झाली म्हणून, लावून पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पडद्याच्या कोपऱ्यात चार वाजून पंधरा झाले होते.

मॉडेमनं नंबर फिरवला. आमचाच, मी सुरांवरून ओळखला. आता टूं-टूं येणार म्हणून मी थांबले. आली ती शांतता. लाइनमन म्हणाला होता ती. मग अगदी जवळून, शेजारच्या खोलीतून यावी तशी, दुसऱ्या मॉडेमची शीळ आली. कुईं... खर्र... पण कुठलीही घाई नाही, एखादी बाई हात पुसत पुसत दाराशी यावी तशी सावकाश.

कनेक्ट.

पलीकडून नाव विचारलं. मशीननं माझं पाठवलं. पासवर्ड विचारला. तिचा पाठवला. मग बराच वेळ काही नाही. पावडरचा वास दाटून आला. खुर्चीची पाठ ऊबदार लागली, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी.

मग अक्षरं आली.

'तो कुठे आहे?'

मी हात मागे घेतले होते. कसेबसे पुढे केले. 'शाळेत.'

'जेवला?'

बघा, एवढी घाबरले होते, आणि तो एक शब्द वाचून माझं डोकं फिरलं. जेवला का, हे विचारायचा हक्क कोणाचा? मी टाइप केलं, 'ते मी बघते.'

पडद्यावरची रेघ लुकलुकत राहिली.

'नाव बदललंस?'

'हो,' मी लिहिलं. 'घर आता माझं आहे.'

'बरं केलंस.'

मी भिंतीतून फोनची तार उपटली. तार माझ्या हातात लोंबत होती, मॉडेमचे दिवे विझले होते, आणि तरी पडद्यावर अजून एक ओळ सावकाश उमटली.

'जुन्या नावानं मला घरात येता येत नव्हतं. या नावानं येईल.'

मी बाहेर पळाले आणि अंगणात उन्हात उभी राहिले. भर उन्हात, हात काखेत घालून. रस्त्यावरून एक बाई भाजीची पिशवी घेऊन चालली होती, तिनं विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, डोकं दुखतंय.

पाच वाजून गेल्यावर आत आले. मशीन निमूट बसलं होतं. मी कंपनीचा खरा नंबर घातला, तार जोडली, लावून पाहिलं. पहिल्या फटक्यात इंटरनेट लागलं. आता एकच काम उरलं होतं, नाव पूर्ववत करणं. बोटं कळफलकावर ठेवली. शहाण्या बाईनं तेवढं केलं असतं आणि सुटली असती. पण तिचं नाव मी माझ्या हातानं पुन्हा लिहू? ज्या नावानं या घरात उठता बसता मला टोचलं, ते? मेले तरी नाही. माझं नाव मी तसंच राहू दिलं. खातं कंपनीकडे थोरलीचं असूनही कंपनीनं माझं नाव स्वीकारलं कसं, हा विचार त्या वेळी सुचला नाही.

मास्तर आले. मी दारातच विचारलं, "रोज सव्वाचारला काय करता तुम्ही?"

ते खांद्यावरची पिशवी तशीच धरून उभे राहिले. मग म्हणाले, "काही नाही गं. लावतो. लागत नाही कधीच. पण तो आवाज... ती आत बसून लावायची ना, मी बाहेर पेपर तपासत असायचो. तो आवाज आला की वाटतं, आहे आत. नंबर चुकीचा आहे तेही ठाऊक होतं मला. म्हटलं, लागलं तर आवाज थांबेल." आणि डोळे पुसले. "तुला सांगायला लाज वाटली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय काय म्हणून मी मनात आणलं होतं! त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःहून खुर्ची खाली केली. पाय टेकताहेत का म्हणून वाकून पाहिलं. आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पण लग्न झालं असं मला त्या दिवशी वाटलं.

पुढचा आठवडा इतका छान गेला की मी झालं ते सगळं डोकेदुखीच्या खात्यात टाकून दिलं. मास्तर गुणगुणायला लागले. मी घरी आले की चेहरा फुललेला. मग एकदा कणीक मळताना मी म्हटलं, पाठ भरून आलीय. ते म्हणाले, "अगं मग तूच सांगितलंस ना, तेलाची बाटली वरच्या फळीवर, मागे आहे. काढून ठेवलीय बघ."

"मी? कधी सांगितलं?"

"काल दुपारी. फोनवर."

मी काल दुपारी फोन केला नव्हता. ती बाटली घरात आहे हेच मला माहीत नव्हतं. तिच्यावरची धूळ चार वर्षांची होती.

"रोज सव्वाचारला करतेस की," मास्तर हसले. "मला सवय झालीय आता. आणि 'अरे' म्हणायला लागलीस, किती बरं वाटतं."

मी त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यापासून, फाइलीसकट. ते ऐकत राहिले, वर्गात चुकीचं उत्तर ऐकतात तसे, शांतपणे.

"आवाज तुझाच असतो," ते म्हणाले. "बोलतेसही तूच. उलट मला वाटतं, घरी आलीस की तू अशी का होतेस? फोनवर किती मोकळी असतेस."

आता मला सांगा, हा मत्सर कसा करायचा? आपलेच दात, आपलेच ओठ. माझ्याच आवाजावर, माझ्याच नावावर माझा नवरा माझ्यापेक्षा जास्त जीव टाकत होता. तक्रार करायची तर कुणाची? मी छापखान्यातून सव्वाचारला फोन केला. एंगेज. तशीच घरी येऊन मी हट्ट सोडला, फाइल उघडली आणि माझ्या हातानं थोरलीचं नाव परत लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिथे माझंच नाव होतं आणि खाली एक नवी टीप. 'आता राहू दे. त्याला बरं वाटतंय.'

मग मी ठरवलं, समोर बसायचं. मी समोर असताना तिकडून मी कशी बोलेन? ते मास्तरांना डोळ्यांनी दिसू दे, म्हणजे संपलं.

सोमवारी मी न सांगता दुपारीच घरी आले. मास्तर फोनजवळच्या खुर्चीत वही तपासत होते. मला बघून म्हणाले, "अरे वा, आज लवकर?" मी म्हटलं, "हो, तुमच्याजवळ बसावं म्हटलं." त्यांनी वही मिटली. मी समोरच्या स्टुलावर बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी माझी बोटं दाबली. आम्ही तसेच बसून राहिलो. घड्याळाचा काटा सरकत होता, मी तो बघत होते, ते मला बघत होते.

सव्वाचारला फोन वाजला.

"उचलू नका," मी म्हटलं.

त्यांनी हात सोडवून घेतला आणि उचलला. चेहरा असा उजळला... माझ्यासाठी कधी नाही उजळला तसा. त्यांनी रिसीव्हरमध्ये माझं नाव घेतलं. मी तिथेच, हातभर अंतरावर, आणि ते माझं नाव दुसरीकडे घेत होते.

"अहो, मी इथे आहे," मी म्हटलं. मग ओरडले, "मी आहे! बघा माझ्याकडे!"

त्यांनी बघितलं. नीट, डोळ्यांत डोळे घालून बघितलं. आवाजानं जरा दचकल्यासारखे झाले. मग तळहातानं रिसीव्हर झाकला आणि मुलांच्या पालकांशी बोलतात त्या अदबीनं म्हणाले,

"बसा ना, बसा. दोनच मिनिटं हं... बायकोचा फोन आहे."

मी बसले. स्टुलाच्या कडेवर, पर्स मांडीवर धरून, पाहुणी बसते तशी.